वृद्धनिवासातील एक तास

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बेंगळुरूच्या कोरमंगला भागात भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या प्रसंगी शाळेच्या वाटचालीविषयी आणि यशाविषयी बोलावे, असा संकेत आहे. संयोजकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'वृद्धनिवासात राहणाऱ्या माणसांचे मनःस्वास्थ्य' असे सांगितले. दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला क्षणभर शांतता पसरली. मंगल प्रसंगी हा विषय कशाला, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी तसे बोलून दाखवले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

हा विषय घेण्यामागे साधा हिशोब आहे. आपली शाळा साठ वर्षांची झाली. पहिल्या वर्षी पहिलीच्या वर्गात बसलेली मुले आज पासष्ट-सहासष्ट वर्षांची आहेत. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यानुसार साठ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते. म्हणजे आपली पहिली तुकडी कायद्याने ज्येष्ठ झाली आहे आणि त्या तुकडीला शिकवणारे तेव्हाचे तरुण शिक्षक आज ऐंशीच्या पुढे आहेत. मी आज कोणा परक्यांविषयी बोलत नाही.

दुसरे कारण या गावाचे आहे. आपल्यापैकी बहुतेकजण नोकरीसाठी बेंगळुरूला आलो. मुलेबाळे झाली, घर झाले आणि मग गावाकडे एकट्या राहिलेल्या आईवडिलांना आपण इकडे बोलावले. ती सांगलीहून, सोलापूरहून, नाशिकहून, अकोल्याहून आली. आयुष्यभर जोडलेले शेजारी, देऊळ, भाजीवाली आणि वाचनालय सोडून ती कोरमंगल्यातल्या सदनिकेच्या गॅलरीत येऊन बसली. पुढे कधी खुब्याचे हाड मोडते, कधी पक्षाघात होतो, कधी स्मृतिभ्रंश सुरू होतो. घरात दोघेही नोकरीला जाणारे. मग रात्रंदिवस शुश्रूषा होईल अशी जागा शोधावी लागते. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की लहान रुग्णालय डोळ्यांपुढे येते. मी ज्या जागांविषयी बोलत आहे तिथे माणसे बरी होऊन घरी जाण्यासाठी येत नाहीत. ती तिथेच राहतात. म्हणून मी त्यांना वृद्धनिवास म्हणते.

आईवडिलांना तिथे ठेवणे योग्य की अयोग्य, हा वाद मी आज घालणार नाही. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया' नाटकातील आईवडील आपल्याच घरात राहत होते आणि तरीही एकटे होते, हे आपण रंगमंचावर पाहिले आहे. एकटेपणा पत्ता पाहून येत नाही. निवासात ठेवावे लागल्यानंतर काय करायचे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

वृद्धांसाठी निवास ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले अनाथ पंगू गृह, ज्याला आज सर्वजण 'निवारा' म्हणून ओळखतात, ते एकोणिसाव्या शतकातले. इथे बेंगळुरूत होसूर रस्त्यावर 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या जोगिणींचे वृद्धगृह शतकाहून अधिक काळ चालू आहे. या संस्थांनी निराधारांना अन्न, वस्त्र आणि औषध दिले, आणि ते काम थोर आहे. परंतु अन्न, वस्त्र, औषध मिळाल्यानंतरही सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण यांच्यामध्ये दहा-बारा तास उरतात. त्या तासांचे काय?

या प्रश्नाने अमेरिकेतील एका तरुण डॉक्टरला १९९१ साली अस्वस्थ केले होते. त्यांचे नाव बिल थॉमस. न्यूयॉर्क राज्यातील चेस मेमोरियल या वृद्धनिवासात ते वैद्यकीय प्रमुख म्हणून रुजू झाले. त्यांना दिसले की तिथल्या माणसांना तीन व्याधी जडल्या आहेत आणि त्यांवर औषध नाही : कंटाळा, एकटेपणा आणि असहायता. त्यांनी त्या निवासात दोन कुत्रे, चार मांजरे आणि शंभर पक्षी आणले. खोल्याखोल्यांतून रोपे ठेवली. भाजीचा वाफा केला. कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा सुटल्यानंतरचा वर्गही तिथेच सुरू केला. महिनोन्महिने न बोललेली माणसे बोलू लागली आणि औषधांचा खर्च लक्षणीयरीत्या खाली आला.

ही हकीकत आपल्यापर्यंत पोहोचवली ती एका मराठी कुळातल्या शल्यविशारदाने. डॉ. अतुल गवांदे यांचे 'बीइंग मॉर्टल' हे पुस्तक २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. त्याच पुस्तकात त्यांनी आपल्या आजोबांविषयी, सीताराम गवांदे यांच्याविषयी लिहिले आहे. हे आजोबा जवळजवळ एकशेदहा वर्षे जगले आणि शंभरी गाठल्यावरही रोज रात्री घोड्यावर बसून शेतांवर फेरी मारत. त्यांना आनंदी ठेवण्यासाठी कोणी उपक्रम आखले नव्हते. शेत त्यांचे होते आणि घरात त्यांचा शब्द मोलाचा होता. अर्थात त्या फेरीमागे मुलासुनांचे आणि नातवंडांचे अपार कष्ट होते, हेही विसरू नये. तो वाडा आणि ते माणूसबळ आज आपल्याजवळ नाही. पण त्या म्हाताऱ्याला घोड्यावर बसवणारी जी गोष्ट होती, म्हणजे 'माझ्यावाचून काहीतरी अडते आहे' ही जाणीव, ती चार भिंतींच्या निवासातही थोडीफार निर्माण करता येते.

याला थोडा शास्त्राचाही आधार आहे. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी कनेक्टिकटमधील एका वृद्धनिवासात ९१ जणांवर एक प्रयोग केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितले, खोली कशी लावायची, चित्रपट कोणत्या दिवशी पाहायचा, हे तुम्ही ठरवा. हे रोप घ्या आणि त्याला पाणीही तुम्हीच घाला. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोप दिले, पण सांगितले की परिचारिका पाणी घालतील, तुम्ही काळजी करू नका. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक उत्साही आणि मिळूनमिसळून वागणारी आढळली. दीड वर्षाने पाहिले, तेव्हा पहिल्या गटातील ४७ पैकी ७ आणि दुसऱ्या गटातील ४४ पैकी १३ जण निवर्तले होते. गट लहान होता आणि मृत्यूंविषयीच्या गणिताला पुढे दुरुस्तीही जोडावी लागली, म्हणून 'रोपाने आयुष्य वाढते' असे मी म्हणणार नाही. पण रोप दोन्हीकडे होते. फरक पाणी कोण घालतो एवढाच होता. ही गोष्ट मला फार विचार करायला लावते.

आता थोडे स्वतःविषयी बोलते, कारण त्यावाचून पुढचे म्हणणे पोकळ वाटेल. माझी आई शेवटची अडीच वर्षे इथल्याच एका वृद्धनिवासात होती. स्वच्छ जागा, चांगली माणसे. आईला स्मृतिभ्रंश झाला होता. तिला मोडके हिंदी येत असे, ते हळूहळू गेले आणि मराठी उरली. दोन भाषा बोलणाऱ्या माणसाला हा आजार झाला की नंतर शिकलेली भाषा बरेचदा आधी निसटते आणि लहानपणीची मागे राहते. तिच्या मजल्यावरच्या सेविका ओडिशा आणि झारखंडमधून आलेल्या, स्वयंपाकघरात कन्नड. एकदा चार दिवस नोंदवहीत एकच शेरा होता : 'जेवण नाकारले, चिडचिड.' आई ताट ढकलून देत असे आणि काहीतरी पुटपुटत असे. तिला शांत ठेवण्यासाठी गोळी सुरू करावी काय, असे मला विचारण्यात आले. पाचव्या दिवशी बेळगावकडचा एक पहारेकरी सहज तिच्या खोलीवरून गेला आणि त्याने परिचारिकेला सांगितले, "अहो, आजी म्हणतायत, बोचतंय." तिची कवळी सैल होऊन हिरडीला जखम झाली होती.

चार दिवस माझी आई शुद्ध मराठीत आपले दुखणे सांगत होती आणि कोणालाही ते कळत नव्हते. मी फोनवर रोज 'आई जेवली का' एवढेच विचारत होते. यात दोष त्या मुलींचा नव्हता. तिच्या भाषेचा एक कागद तिथे ठेवण्याचे मला सुचले नाही, हा दोष माझा होता.

त्या रात्री मी वीस मराठी शब्द लिहिले : पाणी, दुखतंय, बोचतंय, थंडी, शौचाला, नको, पुरे, भीती वाटते, घरी जायचंय. पुढे त्यांचा अर्थ हिंदीत आणि कन्नडमध्ये लिहून घेतला आणि तो कागद पलंगाशेजारी चिकटवला. मनःस्वास्थ्याच्या उपक्रमांविषयी बोलताना मी गाणी आणि खेळ यांच्या आधी या कागदाचे नाव घेते. चश्मा पुसलेला, श्रवणयंत्राची बॅटरी बदललेली, कवळी नीट बसलेली आणि 'दुखतंय' हा शब्द समजणारे कोणीतरी जवळ असणे, एवढे झाल्याशिवाय कोणताही कार्यक्रम मनापर्यंत पोहोचत नाही.

त्यानंतरची चूक अधिक बोलकी आहे. दिवाळीच्या सुमारास आम्ही काही कुटुंबांनी मुलांना घेऊन त्या निवासात कार्यक्रम केला. मुलांनी गाणी म्हटली, नाच केला, फराळ वाटला, छायाचित्रे काढली. दीड तासाने सर्वजण समाधानाने निघालो. दाराजवळ बसलेल्या एक आजी, त्या मूळच्या कोल्हापूरच्या, मला म्हणाल्या, "छान केलंत हो. सगळं तुम्हीच केलंत. आम्हाला काही ठेवलं नाहीत."

त्या वाक्याने मी जाग्यावर आले. आम्ही रोपाला पाणी स्वतःच घालून निघालो होतो. पुढच्या वेळी आम्ही फराळाऐवजी कापूस नेला. टेबलाभोवती पाचसहा आजी बसल्या आणि वाती वळू लागल्या. माझी आई, जिला माझे नाव आठवत नव्हते, तिने कापूस हातात घेतला, बोटांनी विंचरला आणि एकामागून एक फुलवाती केल्या. माझ्या मुलीची वात वाकडी झाली, तेव्हा आईने तिच्या हातातून ती घेतली, उलगडली आणि 'अशी' म्हणून पुन्हा वळून दाखवली. कित्येक महिन्यांनंतर ती कोणाला तरी काही शिकवत होती. त्या वाती आम्ही जवळच्या देवळात दिल्या आणि देवळातून मिळालेला प्रसाद त्यांना आणून दिला. आपल्या हातची वस्तू बाहेरच्या जगात पोहोचली, हे त्यांना कळले.

नावे आणि घटना स्मरणातून गळतात, पण हातांना लागलेली सवय आणि पाठ केलेले शब्द पुष्कळदा त्यानंतरही टिकतात. मेथी निवडणे, शेंगा सोलणे, ताटातले तांदूळ निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, सुपारी कातरणे झेपत नसेल तर निदान पानाच्या डब्याची मांडणी करणे. पुरुषमंडळींसाठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणे, पत्ते पिसणे, पाच-तीन-दोनचा डाव, निवासाच्या किराण्याची यादी तपासणे. एका निवृत्त लेखापालांना दर शनिवारी भाजीच्या बिलाची बेरीज करायला देत. बेरीज चुकली तरी कोणी बोलत नसे, पण ती वही दुसऱ्या कोणाच्या हाती दिलेली त्यांना चालत नसे.

आठवणींच्या गप्पांविषयीही असेच आहे. म्हातारी माणसे जुन्या गोष्टी उगाळतात हे बुद्धी ओसरल्याचे लक्षण आहे, असे एके काळी डॉक्टरही मानत. १९६३ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी मांडले की हे मागे वळून पाहणे स्वाभाविक आहे. माणूस त्यातून आपल्या आयुष्याची जुळणी करत असतो. आज जगभर 'स्मरणसत्रे' घेतली जातात. त्यांचा फायदा माफक आहे आणि सर्वांना सारखा होत नाही, असे अभ्यास सांगतात. पण पितळेचा तांब्या, जुने पोस्टकार्ड, दगडी पाटी, जात्याचा खुंटा हातात दिला की पुष्कळदा बोलणे सुरू होते. इंग्लंडमध्ये लहान गटांसाठी बौद्धिक चालनेची ठराविक सत्रे तयार झाली, तेव्हा चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेने ती तमिळ माणसांच्या जीवनाला साजेशी करून घेतली. उपक्रम त्या माणसाच्या मातीतला असला पाहिजे, हे यातून आपण घ्यावे. आपल्या लोकांसाठी पाढे आहेत, ओव्या आहेत, हरिपाठ आहे, भोंडल्याची गाणी आहेत. पावकी-निमकी म्हणणारे आजोबा मी पाहिले आहेत. त्या दिवशी सकाळी काय खाल्ले हे त्यांना सांगता आले नव्हते.

काय करू नये, हेही सांगायला हवे. 'मला ओळखलंत का?' हा प्रश्न विचारू नये. तो प्रेमाने विचारला तरी समोरच्याला परीक्षेसारखा वाटतो. आपणच आपले नाव सांगावे आणि बसावे. मृत नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईला 'ते गेले' असे दर वेळी सांगून नव्याने विधवा करू नये. त्यांच्याविषयी विचारावे, ऐकावे. बालवाडीतली चित्रे रंगवायला देऊन प्रौढ माणसाचा अवमान करू नये. सर्वांना सरसकट 'आंटी', 'अंकल' म्हणू नये; चाळीस वर्षे 'सर' म्हणवून घेतलेल्या माणसाला 'सर'च म्हणावे. आणि कोणी 'आज नको' म्हटले तर तो नकार मानावा. दिवसभरात ज्याला काहीच ठरवता येत नाही, त्याला नकार तरी स्वतःचा असू द्यावा.

दोन वेळा विशेष जपायच्या असतात. पहिली दिवेलागणीची. स्मृतिभ्रंश झालेली पुष्कळ माणसे त्या सुमारास अस्वस्थ होतात, 'घरी जायचंय' म्हणून दाराशी उभी राहतात. त्या वेळी लख्ख दिवे लावावेत आणि रोज एकच ठरलेली गोष्ट करावी. समई लावावी, सायंप्रार्थना म्हणावी, हातात हात घेऊन व्हरांड्यात एक फेरी मारावी. दुसरी वेळ म्हणजे शेजारचा पलंग रिकामा होतो तेव्हाची. बहुतेक ठिकाणी ही घटना लपवली जाते. चादर बदलली जाते आणि कोणी काही बोलत नाही. पण उरलेल्यांना सर्व कळते आणि आपलेही असेच होणार, हेही कळते. फोटोपुढे दिवा लावून त्या व्यक्तीविषयी प्रत्येकाला एक वाक्य बोलू द्यावे. दुःख करण्याची मुभा हाही मनःस्वास्थ्याचाच भाग आहे.

एक सावधगिरीही सांगते. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, 'आता जगून काय करायचे' असे वारंवार म्हणणे, हे म्हातारपण समजून सोडून देऊ नये. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. आपल्या सुदैवाने निम्हान्स आणि सेंट जॉन्स ही रुग्णालये याच भागाच्या जवळ आहेत. बेंगळुरूची 'नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट' ही संस्था शहर पोलिसांच्या सहकार्याने ज्येष्ठांसाठी १०९० ही मदतवाहिनी कित्येक वर्षे चालवत आली आहे आणि देशभरासाठी १४५६७ हा क्रमांक आहे. वाती वळणे हे औषधाला पर्याय नव्हे.

आता शाळेकडे येते. हीरक महोत्सवी निधीतून काय उभारावे, याची चर्चा चालू आहे. मी पैशाची मागणी करत नाही. तीन गोष्टी मागते.

पहिली, आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीची एक पानी जीवनपत्रिका लिहावी. त्यांना काय नावाने हाक मारलेली आवडते, गाव कोणते, कोणते काम केले, हाताला कोणती कला आहे, चहा कसा लागतो, कशाची भीती वाटते. निबंधाचे गुण मिळतीलच. पण कधी ती व्यक्ती रुग्णालयात किंवा निवासात गेली, तर हे पान तिच्याबरोबर जाईल आणि परक्या सेविकेला ती कोण आहे ते सांगेल.

दुसरी, या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांनी दोघादोघांच्या जोडीने आठवड्यातून एक तास जवळच्या निवासात द्यावा. ठरलेला वार, ठरलेली वेळ. महिन्यातून एकदा मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा दर गुरुवारी चार ते पाच एकाच माणसाशेजारी बसणे अधिक मोलाचे आहे, कारण वाट पाहण्यासारखे काही असणे हाच तिथे अर्धा आधार असतो. आपल्याला येणाऱ्या मराठीची इतकी गरज या शहरात दुसरीकडे कुठे असेल असे मला वाटत नाही. मुले बरोबर असली तर उत्तमच. मात्र त्यांना करमणूक करायला नेऊ नका, काहीतरी शिकायला न्या.

तिसरी मागणी सर्वांत जवळची आहे. आपल्या निवृत्त शिक्षकांची यादी करावी. ते कुठे आहेत, कोणाबरोबर आहेत, निवासात असतील तर कोणत्या, हे शोधावे आणि त्यांच्याकडे जावे. हार-नारळ न्यायला हरकत नाही, पण जाताना एखादी शंकाही घेऊन जा. एखादा समास सोडवून मागा, एखाद्या शब्दाचे शुद्धलेखन विचारा. त्यांना काही द्यायला जाऊ नका, मागायला जा.

माझी आई गेली, त्याला आता काही वर्षे झाली. त्या निवासात मी अजूनही गुरुवारी जाते. कोल्हापूरच्या आजी आता दिसत नाहीत. टेबल तेच आहे, आणि गेल्या आठवड्यात पलीकडच्या खुर्चीवर एक नवे गृहस्थ येऊन बसले होते. मराठी बोलणारे कोणी आहे का, असे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले होते म्हणे. मी नाव सांगितले, शाळेचे नाव सांगितले. त्यांनी लगेच विचारले, "तुम्हाला गणिताला कोण होतं?"

तो तास कसा गेला, मला कळले नाही. पुढच्या गुरुवारी माझ्याबरोबर आपल्यापैकी कोणी येणार असेल, तर कार्यक्रमानंतर मला जरूर भेटा.